ब्रश कुणाचा लागला

केस्ट्रेल, सस्कॅचेवान
१९ जानेवारी २०१९

सिग्नी,

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले. तू आली नाहीस. हॅलिफॅक्स लांब आहे, विमानं बदलावी लागतात, इथे उणे चौतीस होतं, हे सगळं मला ठाऊक आहे. पण नॉर्वेहून बाबांची मामेबहीण आली, ब्याऐंशी वर्षांची, काठी टेकत. तेव्हा अंतराचं कारण तू देऊ नकोस. तसं तू काहीच कारण दिलेलं नाहीस म्हणा. तुझ्या कार्डावर दोनच ओळी आहेत आणि त्यातल्या एकीत सॉरी आहे.

दोनशे माणसं आली होती. एकूण एक माणूस मला सॉरी म्हणाला. मी दमून खुर्चीवर बसले तर खुर्ची जिची होती ती म्हणाली, "सॉरी, माझी पर्स होती का मधे?" नंतर हॉलमध्ये खजुराच्या वड्या, अंड्याची सँडविचेस, आणि ते हिरवं जेलीचं सॅलड, जे गावात कुणालाच आवडत नाही आणि प्रत्येक मयताला कुणी ना कुणी करून आणतंच. निघताना सगळे पुन्हा दारात अर्धा अर्धा तास उभे. "चला, निघतो मग." "हो, जपून जा, रस्त्यावर हरणं असतात." "निघतोच." आणि कुणी हलत नाही. तू असतीस तर हसली असतीस.

बाबा शेवटपर्यंत तसेच. आदल्या दिवशी नर्सला म्हणाले, "सॉरी हं, तुमची शिफ्ट लांबवतोय मी." ती बिचारी बाहेर जाऊन रडली.

तुझ्याबद्दल सगळ्यांनी विचारलं, आपल्या गावाच्या पद्धतीनं. "सिग्नीला हवेमुळे जमलं नसेल, नाही?" मी म्हटलं, हो, विमान रद्द झालं. तुझ्यासाठी मी खोटं बोलले, हे नोंदवून ठेव.

कामाचं लिहिते. आपण जिथे बर्फावरून दगड सरकवत वाढलो त्या हॉलला कर्लिंग क्लबनं बाबांचं नाव द्यायचं ठरवलंय. चाळीस वर्षं त्यांनी तिथला खेळायचा बर्फ तयार केला, तेव्हा ते योग्यच आहे. २३ मार्चला, मोसमाच्या शेवटच्या सामन्यांच्या दिवशी, भिंतीवर बोर्ड लागेल. मी क्लबची सेक्रेटरी, म्हणून तुला बोलावण्याचं काम माझ्याकडे आलं. तू यावंस असं कमिटीला मनापासून वाटतं. हे वाक्य त्यांचं आहे.

त्या फायनलला पुढच्या महिन्यात पंचवीस वर्षं होतील. किती दिवस धरून बसणार आहेस?

आर्डिस


९ फेब्रुवारी २०१९

सिग्नी,

उत्तर नाही. ठीक.

इथे उणे अडतीस आहे. गाडीचं इंजिन गरम राहावं म्हणून रात्रभर तारेनं विजेला जोडून ठेवलं तरी सकाळी म्हाताऱ्यासारखं खोकतं. काल दुकानापुढच्या चौकात चार बाजूंनी चार गाड्या आल्या आणि थांबल्या. प्रत्येक जण दुसऱ्याला हात करतोय, तू जा. मी हात केला, तिनं हात केला, त्यानं हात केला. कुणीच जाईना. लाइल माझ्या शेजारी बसला होता. नवरा म्हणून तो तुला आठवतो तसाच आहे, फक्त टक्कल पडलंय. तो म्हणाला, "आर्डी, आपण इथेच मरणार, पण सभ्यपणे मरणार."

मला हसू आलं आणि लगेच इतका राग आला की मी हॉर्न दाबून धरला. केस्ट्रेलमध्ये हॉर्न! संध्याकाळपर्यंत तीन जणींनी फोन करून विचारलं, तब्येत बरी आहे ना?

मागच्या पत्रात मी लिहिलं, किती दिवस धरून बसणार. पत्र पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या घशाशी आलं होतं. धरून बसायचा हक्क कुणाचा आहे, हे आपल्या दोघींना माहीत आहे. फक्त आपल्या दोघींनाच.

तुला सांगायची गरज नाही, तू तिथेच होतीस. तरी लिहिते, कारण मी हे कधीच, एकदाही, शब्दांत मांडलेलं नाही. लाइलजवळ नाही, चर्चमध्ये नाही, आंघोळ करताना स्वतःशी नाही.

१९९४, प्रिन्स अल्बर्ट, प्रांताची फायनल. केस्ट्रेलसारख्या सहाशे वस्तीच्या गावातल्या चार बायका: ओरिसा, बेव्ह, तू आणि मी. जिंकलो तर प्रांताच्या नावाची जॅकेटं घालून राष्ट्रीय स्पर्धेत जाणार होतो. गाव दोन बस भरून आलं होतं. शेवटचा दगड ओरिसानं सोडला, आपली कप्तान. दगड आणखी पुढे जावा म्हणून तू आणि मी त्याच्यापुढे ब्रशनं बर्फ घासत धावत होतो, तू डावीकडे, मी उजवीकडे. ओरिसा मागून ओरडत होती, "घासा, घासा, जोरात!" मधल्या टप्प्यावर माझा पाय जरासा सरकला आणि माझ्या ब्रशची कड दगडाला लागली. आवाज झाला नाही. दगडाची चाल बदलली नाही. पण लागली. हाताला कळतं.

दगड वर्तुळाच्या अगदी मधोमध जाऊन थांबला. आपण जिंकलो होतो. बस भरून आलेलं गाव उभं राहिलं.

या खेळात पंच काही विचारत नाही. चालत्या दगडाला ज्याचा ब्रश लागला त्यानंच तोंडानं सांगायचं आणि दगड बाद म्हणून उचलायचा. बाबांनी आपल्याला चालायच्या आधी हे शिकवलं होतं.

तू माझ्याकडे पाहिलंस. मी गुडघ्यावरचा बर्फ झटकत होते. तुला आजवर वाटत असेल की मी पाहिलंच नाही. मी पाहिलं, सिग्नी. तू माझी वाट पाहत होतीस. चार सेकंद, पाच सेकंद. मग तू हात वर केलास आणि म्हणालीस, "सॉरी. माझा ब्रश लागला."

ओरिसाचा चेहरा पांढरा पडला. "सिग्नी, नक्की?"

"नक्की."

दगड उचलला. एका गुणानं हरलो.

यापुढचं आज लिहवत नाही.

आर्डिस


२ मार्च २०१९

सिग्नी,

तुझं पाकीट आलं. मी ते स्वयंपाकघरात उभ्या उभ्या फाडलं. आत एक कागद, कागदावर एक ओळ: "बोर्डावर काय लिहिणार आहेत?"

कशी आहेस, काय चाललंय, काही नाही. बरं. विचारलंस तर सांगते. लिहिणार आहेत: "एनार ब्रेके. यांनी आम्हाला सच्चा बर्फ दिला आणि सच्चा खेळ."

मजकूर मी सुचवलेला नाही. पण कमिटीत हात वर करायची वेळ आली तेव्हा मी हात वर केला.

मागच्या वेळी जिथे थांबले तिथून पुढे लिहिते.

जिंकलेल्यांनी हरलेल्यांना पहिला ग्लास पाजायचा, हा आपला रिवाज. त्या चौघींनी तुला मिठ्या मारल्या. म्हणाल्या, असा खेळाडूपणा आम्ही जन्मात पाहिला नाही. मी तुझ्या शेजारी बसून रम आणि कोक प्यायले. मीसुद्धा तुझ्या खांद्यावर हात ठेवला. तू तो हात झटकला नाहीस, हे मला अजून सहन होत नाही.

परतीच्या बसमध्ये चार तास. एक अक्षर कुणी वाईट बोललं नाही. डबे फिरत होते. "सिग्नी, अंड्याचं सँडविच?" "सिग्नी, थोडी कॉफी?" प्रत्येकानं विचारलं. कुणी तुझ्या शेजारी बसलं नाही. मी पण पुढे लाइलजवळ जाऊन बसले.

मग ते वर्ष. तू शाळेत शिकवत होतीस, पोरं तुझ्यावर जीव टाकायची. दुकानात तू रांगेत आलीस की लोक बाजूला व्हायचे, "सॉरी, तू पुढे हो." दार धरून उभे राहायचे. तुझ्या घरापुढचा बर्फ सकाळी कुणीतरी उपसून गेलेलं असायचं. पण कॉफीला कुणी बोलावलं नाही. सप्टेंबरात संघ ठरले तेव्हा तू ओरिसाला फोन केलास, मी तिच्याच घरी होते. ती म्हणाली, "अगं सॉरी सिग्नी, आमच्या चौघी झाल्या बघ. आधी सांगितलं असतंस तर." आधी म्हणजे कधी? तू त्या संघात सहा वर्षं होतीस. फोन ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी म्हटलं, "कपात अजून कॉफी घालू का?"

ऑक्टोबरात तू गेलीस. बाबा बसपर्यंत सोडायला आले. मी आले नाही. दुकानात माल यायचा होता असं सांगितलं. माल गुरुवारी येतो, तो सोमवार होता.

का गप्प बसले, हे तू कधी विचारलं नाहीस. मी तरी सांगते. तू चांगली खेळायचीस. मला संघात घेतलं ते बाबांच्या तोंडाकडे बघून. मला ते माहीत होतं आणि सगळ्यांना माहीत आहे हेही माहीत होतं. लाइलचं हार्डवेअरचं दुकान, गिऱ्हाईक म्हणजे हेच गाव. मी एकतीस वर्षांची होते, मला दुसरीकडे कुठे जायचं नव्हतं, जाता येईल असंही वाटत नव्हतं. त्या पाच सेकंदांत मी एवढा सगळा विचार केला असं समजू नकोस. त्या पाच सेकंदांत मी फक्त वाट पाहिली की तू काय करतेस. नंतरची पंचवीस वर्षं विचार केला.

आणि फायदा पण झाला. तू गेलीस, मी राहिले, पुढे कप्तान झाले, सेक्रेटरी झाले. हॉलमध्ये माझा फोटो आहे.

२३ तारखेला चार शब्द बोलायला मला सांगितलंय, मुलगी म्हणून. मी तिथे सांगणार आहे. तू ये किंवा येऊ नकोस. तू आलीस म्हणून सांगितलं असं मला होऊ द्यायचं नाही, म्हणून येऊ नकोस असंही एकदा वाटतं.

आर्डिस


२४ मार्च २०१९

सिग्नी,

सांगितलं.

हॉल भरला होता. अध्यक्षांनी बोर्डावरचं कापड ओढलं, टाळ्या झाल्या, मग मला पुढे बोलावलं. मी कागद आणला होता, तो खिशातच राहिला. मी म्हटलं, "चौऱ्याण्णवच्या फायनलमध्ये दगडाला ब्रश लागला तो माझा. सिग्नीचा नव्हे. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी गप्प बसले, म्हणून ती बोलली. बाबांनी आम्हाला सच्चा खेळ शिकवला, तो त्यांच्या एकाच मुलीला आला."

मला वाटलं होतं काहीतरी होईल. कुणी उठून जाईल, कुणी ओरडेल, कुणी निदान "काय?" म्हणेल.

काही झालं नाही. कुणीतरी खोकलं. अध्यक्ष पुढे आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "थँक यू, आर्डिस. हे दिवस तुझ्यासाठी फार अवघड आहेत, आम्हाला कल्पना आहे." आणि मग माइकवर, "कॉफी तयार आहे, मंडळी. वड्या बेव्हनं आणल्यात."

लोक उठले आणि रांगेत उभे राहिले. मला सगळ्यांनी पुढे जाऊ दिलं.

मी कोटांच्या खोलीत गेले. ओरिसा मागून आली. सत्तरीची झालीये, गुडघे गेलेत, पण नजर तीच. तिनं दार लावून घेतलं.

"हे कशाला केलंस, आर्डी?"

"खरं होतं म्हणून."

"खरं होतं ते आम्हाला माहीत होतं."

ती माझ्या कोटाची कॉलर नीट करत होती, एखाद्या लहान मुलीची करावी तशी.

"कुणाला?"

"आम्हाला. मला, बेव्हला. मग हळूहळू... अगं, एनार प्रेक्षकांच्या काचेमागे अगदी समोर बसला होता. आयुष्यभर ज्यानं बर्फ पाहिला त्याला दिसणार नाही? दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरी आला. टोपी हातात घेऊन दारात उभा. आत ये म्हटलं तर येईना. म्हणाला, सिग्नी बोलली ते तसंच राहू द्या. सिग्नी कुठेही गेली तरी तरेल. आर्डिसला या गावाशिवाय दुसरं काही नाही."

"आणि तुम्ही ऐकलंत?"

"तो कधी कुणाकडे काही मागत नसे, आर्डी."

"मग तिच्याशी तसं का वागलात? तिचा काही दोष नाही हे माहीत असून?"

तिनं माझी कॉलर सोडली. बाहेर कपबशा वाजत होत्या. मग म्हणाली, "ती समोर आली की आमची मान वर होत नसे. रोज कोण तसं बसेल तिच्यासमोर? तिला संघात घेतलं असतं तर हिवाळाभर तिच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं." आणि मग, तुला खरं वाटणार नाही, ती म्हणाली, "सॉरी."

मला सॉरी म्हणाली. तुला नाही.

घरी येताना गाडीत मी लाइलला सांगितलं. तो रस्त्याकडे बघत गाडी चालवत राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"तुला पण माहीत होतं," मी म्हटलं.

"हो."

"कधीपासून?"

"आठवत नाही गं. आपल्याकडे तो जुना फ्रीज होता तेव्हापासून."

"आणि बोलला नाहीस?"

"तू बोलत नव्हतीस, मग मी कसा बोलू? तुला वाईट वाटलं असतं." थोड्या वेळानं, "सॉरी, आर्डी."

म्हणजे पंचवीस वर्षं मी दुकानाच्या गल्ल्यामागे बसून जे पोटात दाबून ठेवलं, ते समोर येणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं. खिळे घ्यायला आलेला माणूस, बर्फाचं फावडं घ्यायला आलेली बाई. त्यांनी माझ्यासाठी दारं धरली, मला कप्तान केलं, भिंतीवर माझा फोटो लावला. मी समजत होते की मी त्यांना फसवतेय. ते मला सांभाळून घेत होते. माझी कीव करत होते, सिग्नी, आणि तिची किंमत तू मोजलीस.

बाबांची मी तीन वर्षं आजारपणात सेवा केली. त्यांना भरवलं, पुसलं, रोज सकाळी दाढी केली. एकदाही त्यांच्या डोळ्यांत मला हे दिसलं नाही.

तुला हे माहीत होतं का? एवढं एकच कळव.

आर्डिस


१४ एप्रिल २०१९

सिग्नी,

दोन आठवड्यांपूर्वी, रविवारी, तुझा फोन आला. पंचवीस वर्षांनी तुझा आवाज ऐकला, जरा जाड झालाय. पहिला मिनिटभर आपण दोघी हवेबद्दल बोललो. तुमच्याकडे धुकं, आमच्याकडे चिखल. आपल्या रक्तातच आहे ते.

तू जे सांगितलंस ते मी फोनवर नीट ऐकू शकले नाही. म्हणून परत लिहून काढते, चुकलं तर सांग.

फायनलहून परत आलो त्या संध्याकाळी बाबा तुझ्या खोलीत आले. तू बॅग उपसत होतीस. ते खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, "सॉरी, सिग्नी." तू म्हणालीस, "कशाबद्दल, बाबा?" ते पुन्हा म्हणाले, "सॉरी." आणि उठून गेले. तुला वाटलं ते तुझं सांत्वन करतायत. बेव्हनं दुसऱ्या दिवशी तोंड फिरवलं, ओरिसानं सप्टेंबरात फोनवर ते सांगितलं, तेव्हा तुला उमगलं की ते सॉरी झालेल्या गोष्टीबद्दल नव्हतं. ते पुढे करणार होते त्याबद्दल होतं. विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, असं तू म्हणालीस. "मी हो म्हणाले असते, आर्डी. मला जायचंच होतं कुठेतरी. पण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी माफी मागून टाकली, मग मी काय बोलणार?"

म्हणून तू त्यांच्या मातीला आली नाहीस. मी पहिल्या पत्रात काठी टेकत आलेल्या म्हातारीचं उदाहरण दिलं होतं. ते पत्र जाळून टाक.

मी तुला विचारलं, मला माफ केलंस का. तू म्हणालीस, "नाही."

माझ्या छप्पन वर्षांत मला कुणी असं तोंडावर "नाही" म्हटलेलं नाही. आपल्याकडे "बघू", "अगं सॉरी, पण", "तसं काही नाही गं", यावरच आयुष्य जातं. मी फोन ठेवून पायरीवर बसले. लाइलनं विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, नाही म्हणाली. तो म्हणाला, "अरेरे. चहा करू?" मी म्हटलं, नाही. तो बिचारा किटली हातात घेऊन उभाच राहिला.

मंगळवारी दुपारी मी क्लबात गेले. मोसम संपला, बर्फ वितळवलाय, नुसती काँक्रीटची ओली जमीन. किल्ल्या माझ्याकडेच होत्या. दुकानातून स्क्रू-ड्रायव्हर आणला होता. बोर्ड चार स्क्रूंवर होता, तिसरा निघता निघेना. काढला, गाडीच्या डिकीत ठेवला. राजीनामा टेबलावर ठेवला, त्यात कारण लिहिलं, स्पष्ट, तुझं नाव घालून. माझा फोटो पण काढला. तो शेगडीत गेला.

मला वाटलं, आता तरी भांडतील. बोर्ड गावाचा आहे, एनारचा आहे. कुणी दारात येऊन विचारेल, आर्डिस, तुला वेड लागलंय का? मी तयार होते. दोन दिवस मी अंबाडा घालून, नीट कपडे करून घरात बसले होते भांडायला.

शुक्रवारी ओरिसाच्या नवऱ्यानं राजीनाम्याची पोच आणून दिली. "कमिटीनं तुझ्या कामाबद्दल आभार मानलेत." सोबत बटर टार्टचा डबा. बोर्डाबद्दल अवाक्षर नाही. म्हणून किल्ल्या परत करायच्या निमित्तानं मी आत जाऊन पाहिलं. भिंतीवरची चारही भोकं कुणीतरी लांबी भरून बुजवली होती. वरून घासली होती, आणि रंग इतका बेमालूम लावला होता की मला हात फिरवून जागा शोधावी लागली. रंग आमच्याच दुकानातला. लाइलनं विकला असणार. मी विचारलं नाही. मग परत फिरले, घरी गेले आणि विचारलं. "तू विकलास का?" तो म्हणाला, "हो." "कुणाला?" त्यानं नाव सांगितलं. मी ते नाव तुला सांगणार नाही, पण मला आता माहीत आहे, आणि त्याला माहीत आहे की मला माहीत आहे, आणि ते मी त्याला सोमवारी त्याच्या घरी जाऊन सांगून आले. त्याची बायको रडली. मी सॉरी म्हटलं नाही.

बोर्ड अजून डिकीत आहे. तुला हवा असेल तर पाठवते. नको असेल तर मी तो कुऱ्हाडीनं फोडेन, लाकूड चांगलं आहे. हो की नाही, एवढंच कळव.

आर्डिस